चेंडू कोण राखत होतं?

आमच्या यंत्राचं सरकारी नाव ‘पृष्ठविश्लेषक’ आहे, पण मी मैदानावर ज्यांचा सराव घेते त्या पोरी त्याला पंचांग म्हणतात, आणि मला तेच नाव बरं वाटतं. काचेखाली चेंडू ठेवला की चाळीस सेकंदांत ते त्याची सगळी हकीकत सांगतं. हा ओरखडा खेळपट्टीचा, हा बॅटचा, ही लकाकी पॅन्टवर घासल्याची, आणि इथे कुणीतरी नख लावलंय. पुढच्या षटकात हा चेंडू हवेत किती वळेल, हेही सांगतं.

गेल्या तीन वर्षांत प्रत्येक जिल्ह्याच्या मैदानावर एकेक पंचांग आलं. कोल्हापूरचं मी चालवते. मैदानावरची निम्मी भांडणं संपली. थोडी गंमतही गेली, हे मी पगार त्याचाच घेत असूनही कबूल करते. मागे इचलकरंजीहून एक आजोबा एका डब्यात जुना चेंडू घेऊन आले होते. कॉलेजच्या सामन्यात पहिल्याच चेंडूवर त्यांना चुकीचं बाद दिलं, लगेच पाऊस आला आणि सामना रद्द झाला, म्हणून चेंडू कोराच राहिला. अठ्ठेचाळीस वर्षं ते घरी सांगत होते, बॅट लागलीच नव्हती. पंचांगाने बॅटच्या कडेची सुरेख रेघ दाखवली. शेजारी आजी उभ्या होत्या. आजोबांनी डबा तिथेच विसरल्याचं नाटक केलं.

तर असं हे यंत्र. खरं बोलायला ते मागेपुढे पाहत नाही, आणि त्याची खरी अडचण तीच आहे.

त्या सोमवारी जुनं कार्यालय रिकामं करताना सापडलेलं एक खोकं माझ्या टेबलावर आलं. विभागीय समितीच्या शिस्तभंगाच्या प्रकरणांतले एकवीस चेंडू, प्रत्येक सीलबंद पिशवीत, वर चिठ्ठी. वरिष्ठांचा निरोप होता: ज्यांना काही महत्त्व वाटेल ते वाच, बाकीचे शनिवारी भट्टीत जातील. नियम एकच. एकदा वाचलं की निकाल सगळ्या जगाला दिसणाऱ्या नोंदवहीत चढतो. तो मला पुसता येत नाही, वरिष्ठांना नाही, कुणालाच नाही.

सतरा नंबरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘अंतिम सामना, २०२४. गोलंदाज: इंद्रजित चौगुले. चेंडूचा पृष्ठभाग हेतुपुरस्सर खराब केला. बंदी: दोन वर्षं.’

इंद्रजित चौगुले म्हणजे माझे पप्पा.

*

आमच्या घरात त्या सामन्याबद्दल कुणी बोलत नसे. मी तेव्हा तीन वर्षांची. जे कळलं ते शाळेत कळलं, ‘तुझ्या बापाने चेंडू कुरतडला’ असं एका मुलाने डबा खाताना सांगितलं तेव्हा. मी त्याचा डबा उपडा केला आणि घरी येऊन विचारलं. आईने फक्त एवढंच सांगितलं की त्या आठवड्यात राज्याच्या संघाच्या शिबिराचं पत्र आलं होतं, आणि पुढच्या आठवड्यात ते रद्द झाल्याचं दुसरं पत्र आलं. पप्पा एकोणतीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा कधी चेंडू हातात घेतला नाही. वीजमंडळात नोकरी केली, परसात वांगी लावली.

पण स्विंग मला त्यांनीच शिकवला, तोही जेवणाच्या ताटावर लाडू ठेवून. चेंडू उडतो तेव्हा अंगाभोवती हवेचं एक पातळ पांघरूण घेऊन उडतो. गुळगुळीत बाजूवरून ते पांघरूण लवकर सुटतं. दुसऱ्या बाजूला तिरकी धरलेली शिवण हवेला ढवळते, आणि ढवळलेली हवा जास्त वेळ चिकटून राहते. एका बाजूची हवा आधी सुटली, दुसरीची नंतर, की मागचा झोत एका अंगाला वाकतो आणि चेंडू दुसऱ्या अंगाला ढकलला जातो, म्हणजे शिवण दाखवेल त्या दिशेला. हा साधा स्विंग. म्हणून एक बाजू चमकवायची, दुसरी कोरडी आणि खरबरीत राहू द्यायची.

उलटा स्विंग त्याच्या पुढची पायरी. चेंडू फार वेगात असेल, किंवा पुरेसा खरबरीत झाला असेल, तर हवा शिवणीपर्यंत पोचायच्या आधीच ढवळते. मग शिवणीची मदत होत नाही, अडथळाच होतो. त्या बाजूची हवा आधी सुटते आणि चेंडू फलंदाजाच्या डोळ्यांदेखत उलट दिशेला जातो. त्यासाठी ताशी एकशे चाळीसचा वेग लागतो असं तेव्हा सगळे मानत. पप्पांचा वेग एकशे वीस. आणि त्या अंतिम सामन्यात, अडतिसाव्या षटकात, त्यांचा चेंडू हातभर उलटा वळला. चार बळी. मग पंचांनी चेंडू हातात घेतला, एक बाजू खवल्यासारखी झालेली पाहिली, आणि पप्पांच्या धावण्याच्या खुणेपाशी सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण सापडलं.

एकशे वीसच्या वेगात उलटा स्विंग हवा असेल तर एक बाजू फारच खरबरीत व्हायला हवी. ती आपोआप होत नाही. हे मला पदवीच्या दुसऱ्या वर्षी गणित करताना कळलं होतं, आणि त्या दिवसापासून मी ते गणित कुणाला दाखवलं नव्हतं.

*

मंगळवारी संध्याकाळी पप्पा वांग्यांना पाणी घालत होते. मी खोक्याबद्दल सांगितलं. त्यांच्या हातातली नळी तशीच वाहत राहिली, एका रोपाचा पार चिखल झाला.

“जाऊ दे भट्टीत,” ते म्हणाले.

“पण पप्पा, वाचला तर—”

“शर्वरी, वाचायचा नाही म्हटलं ना.”

ते मला शर्वे म्हणतात. शर्वरी म्हणाले की विषय संपला. पण माझाही स्वभाव त्यांच्याकडूनच आलाय.

“तुम्ही केलं होतं का?” मी विचारलं. बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना घरात कुणी विचारला नसावा. 

त्यांनी नळ बंद केला. कट्ट्यावर बसले.

“नाही.”

“मग वाचू दे की!”

“म्हणूनच नको.” त्यांनी ओल्या पायांवरचा चिखल पुसला. “आमच्या क्लबात चेंडू राखायचं काम मध्याचं. मधुकर सातपुते. तू त्याच्या मांडीवर खेळलीयस, तुला आठवत नसेल. प्रत्येक चेंडूनंतर चेंडू सगळ्यांनी मध्याकडे टाकायचा, बाकी कुणी खरबरीत बाजूला बोट लावायचं नाही, घामाने ती भिजली की स्विंग गेला. मध्या चपला करायचा. तळहात असे कोरडे की चैत्रातसुद्धा घाम नाही. त्या दिवशी तो थेट कामावरून आला होता. पिशवीत आरी, कातडं कापायची रापी, सगळं. जेवणाच्या सुट्टीत त्यानं कुणाचा तरी बूट आरीनं शिवला, मी बघितलं. आणि नंतर चेंडू तसा वळायला लागला.”

“म्हणजे काकांनी—”

“समितीनं विचारलं, चेंडू कोण राखत होतं? मी म्हटलं, मी.” ते उठले. “त्याचं नाव घेतलं असतं तर काय बोलले असते लोक, तुला कळतं का? माझ्यावर दोन वर्षांची बंदी आली. त्याची जात काढली असती, धंदा काढला असता, त्याच्या पोरांना शाळेत ऐकावं लागलं असतं. तू वाचलास आणि त्यात आरी निघाली तर माझी बावीस वर्षं फुकट गेली. भट्टीत जाऊ दे.”

“आणि तुम्ही दोघं बोलत का नाही?”

“तोच बोलायचा बंद झाला,” पप्पा म्हणाले. “मी त्याच्यासाठी एवढं केलं, आणि तोच.”

त्यांचा आवाज शेवटी बारीक झाला. मी त्यांना तसं कधी ऐकलं नव्हतं.

*

गुरुवारी मी सातपुते काकांचं दुकान शोधून काढलं. पुढे दुकान, मागे कारखाना. यंत्रावर कापलेल्या चपला आता सगळीकडे मिळतात, पण काकांकडे अजून सगळं हातावर चालायचं आणि गिऱ्हाईक चार महिने थांबायचं. कमावलेल्या कातड्याचा आणि बाभळीच्या सालीचा वास दारातच लागला. काका मांडी घालून बसले होते, मांडीवर तळव्याचं कातडं. बोलता बोलता त्यांचा उजवा अंगठा त्या कातड्यावरून फिरत होता, अर्धवर्तुळात, जाऊन परत, जाऊन परत.

मी नाव सांगितलं. अंगठा थांबला.

“इंद्याची शर्वरी व्हय? बस की. उभी का? ए, चहा सांग रे एक.” मग एकदम सावध झाले. “तब्येत बरी हाय न्हवं त्याची?”

“बरी आहे. काका, मी सतरा नंबरच्या चेंडूसाठी आलेय.”

मी यंत्राचं सांगितलं. काकांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

“वाचू नगंस, बाई. माझं ऐक. लेकीच्या हातनं बापाचं असलं बाहेर यायला नको.”

“बापाचं काय?”

काकांनी दाराकडे बघून आवाज उतरवला. “धावायची खूण म्हणून त्यो सोड्याचं झाकण जमिनीत रोवायचा. कायम. मला ठावं हुतं. त्या दिवशी कुठंतरी मोह झाला असंल, शिबिराचं पत्र आलेलं. मी कुणालाबी बोललो न्हाई. समितीनं इचारलं तवा त्यो सोता म्हणाला, मी. सोता!” त्यांचे डोळे भरून आले, आणि ते रागानेच भरले होते. “अगं, चेंडू मी राखायचो. पाच वर्षं पोरासारखा राखला. त्याला कवा माती लागू दिली न्हाई, आणि ह्यानं झाकणानं खरवडला? माझ्या हातातला चेंडू? ते मला सोसलं न्हाई. बंदीचं काय घेऊन बसलीस, मी त्याच्याशी बोलूच शकलो न्हाई.”

मी चहाचा कप तसाच धरून बसले. हसू येत होतं आणि रडूही. दोन शहाणे, एकमेकांना वाचवत, एकमेकांवर रुसून, बावीस वर्षं.

“काका,” मी म्हटलं, “तुम्ही आरी लावली होती का चेंडूला?”

“मी?” ते इतक्या मोठ्याने ओरडले की चहावाला दारातच थबकला. “कातड्याचं काम करणारा माणूस आरीनं कातडं बिघडवंल? कोण म्हणतंय?”

“पप्पा. म्हणून ते म्हणाले, मी.”

मांडीवरचं कातडं त्यांनी बाजूला ठेवलं, पुन्हा उचललं, आणि अंगठा आपोआप त्यावरून फिरायला लागला. अंगठ्याच्या मधोमध एक जुनी खोल चीर होती. माझी नजर बघून ते म्हणाले, “रापीचं हाय ते. बारा वर्षांचा हुतो.” मग, “माझ्यासाठी म्हणाला व्हय त्यो?”

“हो.”

“वाच,” काका म्हणाले. “मी येतो. काय हाय ते माझ्या म्होरं निघू दे.”

*

परतताना रस्त्यात मला जाणवलं, हे एवढं सोपं नव्हतं. दोघं नाही म्हणत होते, पण चेंडू तर खरबरीत झाला होता. दोघांपैकी एकजण खोटं बोलत असेल, तर उद्या ते सगळ्या जगाच्या नोंदवहीत चढणार होतं आणि चढवणारी मी. पप्पांचं नाव गेलं तर घर जाईल. काकांचं गेलं तर पप्पांनी ज्याच्यासाठी आयुष्य दिलं तेच जाईल. न वाचता दोघांना नुसतं समोरासमोर बसवलं असतं तरी चाललं असतं का? मी रात्रभर हेच घोळवलं. आणि मला वाटलं, शंका एवढी जुनी झाली की नुसत्या शब्दाने जात नाही. उद्या एकमेकांना मिठी मारतील, आणि परवा मनात येईल, पण मग चेंडू कसा वळला?

शुक्रवारी दुपारी दोघं आले. पप्पा येणार नव्हते. मी फक्त म्हटलं, मधूकाका येतायत, आणि मी आंघोळ करून येईपर्यंत ते स्कूटर काढून उभे होते. पण खोलीत आल्यावर लग्नात मानपानावरून बिनसलेल्या व्याह्यांसारखे दोघं दोन भिंतींना टेकले.

मी पिशवीचं सील तोडलं. चेंडू सुकून तपकिरी झाला होता. काका नकळत एक पाऊल पुढे आले.

“मध्या,” पप्पा म्हणाले. बावीस वर्षांनी पहिला शब्द. “अजून वेळ आहे. मी म्हटलंय ‘मी’. तेच राहू दे की.”

“तू गप. तुझं ‘मी’ लई झालं,” काका म्हणाले.

मी चेंडू काचेखाली ठेवला. चाळीस सेकंद.  पडद्यावर चेंडू फळासारखा सोलून सपाट झाला आणि त्यावर एकेक रंग उमटू लागला. हिरवा म्हणजे जमीन. निळा म्हणजे बॅट. पिवळा म्हणजे कापड. धातूचा रंग लाल. मी लालची वाट बघत होते.

लाल आलाच नाही. धातू: शून्य. नख: शून्य.

तरीही खरबरीत अर्धगोल पांढऱ्या रेघांनी भरून गेला होता. शेकडो रेघा, सगळ्या सारख्याच वळणाच्या, अर्धवर्तुळात, जाऊन परत. बाजूला पंचांगाने लिहिलं होतं: ‘मानवी त्वचा. असाधारण कठीण. एकच व्यक्ती.’ मी चित्र मोठं केलं. प्रत्येक रेघेच्या मधोमध एक बारीक कोरी फट होती. प्रत्येक रेघेच्या.

“काका,” मी म्हटलं, “उजवा अंगठा दाखवा.”

काकांनी हात पुढे केला. पडद्याकडे बघितलं, अंगठ्याकडे बघितलं. ती चीर, ती फट. मग खाली बसले, जमिनीवरच.

त्यांना स्वतःला कधी कळलंच नव्हतं. हातात कातडं आलं की त्यांचा अंगठा चालतो. पोत बघायला, कुठे पातळ कुठे जाड ते बघायला. बापाकडून, आज्याकडून आलेली सवय. मिड-ऑफला उभं राहून षटकामागून षटक त्यांनी चेंडू पोरासारखा जपला, आणि कातडं ठोकायची मोगरी धरून दगडासारखा झालेला तो अंगठा कोरड्या बाजूवरून हजारो वेळा फिरला. त्या दिवशी सदतीस षटकं झाली होती. उघड्या हाताने चेंडू चोळायला नियमात कधीच बंदी नव्हती. कुणीच काही केलं नव्हतं. मी आकडे यंत्रात घातले. इतक्या खरबरीतपणावर, एकशे वीसच्या वेगात, चेंडू किती वळेल? उत्तर आलं: उलट दिशेला, अठ्ठेचाळीस सेंटिमीटर.

“हातभर,” पप्पा पुटपुटले.

“इंद्या,” काका खालूनच म्हणाले, “म्हंजे मीच केलं रं.”

“तू केलंस?” पप्पा त्यांच्याशेजारी बसले. गुडघे कुरकुरले. “अरे चार बळी तूच घेतलेस की मग. मी नुसता फेकत होतो.” आणि ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी काकांचा तो अंगठा दोन्ही हातांत धरला, आणि मग ते हसत नव्हते.

मी निकाल नोंदवहीत चढवला. नंबर दोनदा तपासून टाकला.

*

समितीचं पत्र महिन्याने आलं. बंदी मागे, दिलगिरी, ठरावीक भाषा. आईने ते देवाजवळ ठेवलं. पप्पांनी एकदा वाचलं आणि विचारलं, रविवारी तुझ्या पोरींचा सराव किती वाजता?

मुलींच्या संघाला सध्या एक अंगठा हवाच आहे, असं मी काकांना मुद्दाम सांगितलं होतं. मैदानावर पप्पा नव्या पांढऱ्या पॅन्टमध्ये आले, तिची घडी अजून मोडली नव्हती. एकावन्न वर्षांचा माणूस, पाच पावलांची धाव. पहिला चेंडू सरळ गेला, दुसराही सरळ. पोरी सभ्यपणे गप्प राहिल्या. मिड-ऑफवरून काका ओरडले, “मनगट! मनगट कुठं ठेवून आलायस?”

तिसरा चेंडू किंचित, अगदी किंचित बाहेर सरकला. तो यष्टिरक्षक मुलीने अडवला आणि सवयीप्रमाणे सरळ पप्पांकडे परत टाकला. पप्पांनी तो शिवणीवर झेलला. त्याच्याकडे बघितलं. आणि मग तो मिड-ऑफकडे टाकला.

“मध्या, राख रे.”

काकांनी चेंडू तळहातात घेतला. अंगठा सुरू झाला होता.

“बावीस वर्षं दुसरं काय करत हुतो?” ते म्हणाले.